सोमाली मुलं, ज्यू मेंटॉर आणि त्यांच्यामध्ये आपण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते. दीड वर्षापूर्वी तुम्ही पुण्याहून मिनिआपोलिसला आलात. तुमच्या कंपनीच्या स्वयंसेवक गटाने सीडर-रिव्हरसाइड वस्तीतली पंधरा सोमाली मुलंमुली आणि सेंट लुईस पार्क या उपनगरातल्या एका सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातले, पंधरा व्यावसायिक मेंटॉर (मार्गदर्शक) अशा जोड्या लावायचं ठरवलंय आणि समन्वयाचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. तुम्ही विचारलंय: गाझाचा विषय निघाला तर काय करायचं? खाण्यापिण्याचे नियम कसे सांभाळायचे? आणि मी ना इकडची ना तिकडची, मला हे जमेल का?

मी या शहरात सोळा वर्षं करिअर समुपदेशक म्हणून काम करते. त्यातली बरीच वर्षं अशा जोड्या लावण्यात आणि त्या टिकवण्यात गेली आहेत. खाली ज्यांच्या गोष्टी सांगते आहे त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तुमचे तिन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: हा कार्यक्रम कशासाठी आहे? दोन समाज जवळ यावेत म्हणून, की मुलांना कामधंद्यात पाय रोवता यावेत म्हणून? दोन्ही चांगलंच आहे, पण दोन्हींची तयारी वेगळी असते. पहिल्यासाठी एकत्र जेवणं, एकमेकांच्या प्रार्थनास्थळांना भेटी, सणांची देवाणघेवाण. दुसऱ्यासाठी एकच गोष्ट लागते, आणि तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे: शब्द टाकणं. कुणीतरी आपल्या ओळखीच्या माणसाला फोन करून म्हणतं, 'ही मुलगी चांगली आहे, वीस मिनिटं दे तिला.' तुमच्या पंधरा मुलांना त्या फोनची गरज आहे. त्या फोनच्या निमित्ताने मैत्री झाली तर उत्तमच. मैत्रीलाच उद्दिष्ट केलं, तर मुलं दर महिन्याला छान गप्पा मारून घरी जातात आणि वर्षाअखेरीस त्याच गोदामात रात्रपाळी करत असतात. असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून आता माझं मत पक्कं आहे: भेटीच्या केंद्रस्थानी काम ठेवा, बाकी सगळं कडेने येऊ द्या.

हा फोन इतका का मोलाचा, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. सोमालियात १९९१ च्या जानेवारीत सियाद बारेची राजवट कोसळली आणि यादवी पेटली. लोक केनियातल्या छावण्यांत गेले आणि तिथून जगभर पांगले. नव्वदच्या दशकात इथे मिनेसोटा राज्यात त्यांना मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत कामं मिळू लागली, कारण तिथे इंग्रजीची फारशी अट नव्हती. मग आप्त आले, आप्तांचे आप्त आले. त्या पिढीने टॅक्सी चालवली, ट्रक चालवले, वृद्धांची शुश्रूषा केली, दुकानं काढली. तुमच्यासमोर येतील ती मुलं बहुतेक इथेच जन्मलेली किंवा कडेवर बसून आलेली. इंग्रजी त्यांची स्वतःची भाषा आहे. रिव्हरसाइड प्लाझाच्या ज्या रंगीत पट्ट्यांच्या उंच इमारतींत त्यांच्यातले अनेक राहतात, तिथून विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पदवी मिळते. अडतं ते पदवीनंतर. वडिलांच्या फोनमध्ये दोनशे नंबर असतात, पण त्यात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतला एकही इंजिनिअर नसतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या व्यावसायिकांना विचारलं होतं, तुम्हाला नोकरी कशी लागली? निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीतून लागली होती. आणि त्या ओळखी बहुतेक जवळच्या मित्रांच्या नव्हत्या, अधूनमधून भेटणाऱ्यांच्या होत्या. कारण सोपं आहे. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. वेगळ्या वर्तुळातला माणूस वेगळी बातमी आणतो. दोन समाजांत जोड्या लावायचा खरा व्यावहारिक फायदा हा आहे. सोमाली मुलाला सोमाली मेंटॉरही हवाच, पण त्याचं काम वेगळं.

आपण मराठी माणसं 'वशिला' या शब्दाने दचकतो. मीही सुरुवातीला दचकायचे. पण लायक नसलेल्याला घुसवणं वेगळं आणि लायक माणूस नजरेआड राहू नये म्हणून त्याचं नाव घेणं वेगळं. इथल्या कंपन्यांत दुसरी गोष्ट उघडपणे आणि रोज चालते. ती ज्यांच्यासाठी घडत नाही, त्यांच्यासाठी ती घडवून आणायची आहे.

आता ज्यू बाजूबद्दल. मिनिआपोलिसला १९४६ साली केरी मॅकविल्यम्स या पत्रकाराने अमेरिकेतल्या ज्यूद्वेषाची राजधानी म्हटलं होतं. रोटरीसारख्या क्लबांत ज्यूंना प्रवेश नव्हता. ज्यू डॉक्टरांना इथल्या रुग्णालयांत रुग्ण दाखल करण्याचे हक्क मिळणं इतकं अवघड होतं, की समाजाने पैसे उभे करून १९५१ मध्ये माउंट सायनाय हे स्वतःचं रुग्णालय सुरू केलं, आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. तुमच्या मेंटॉरांपैकी साठी-सत्तरीतल्या कुणाच्या वडिलांनी किंवा आजोबांनी हे सोसलेलं असू शकतं. बंद दार कसं असतं हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं, आणि म्हणून ते या कामाला मनापासून येतात.

पण इथे एक धोका आहे आणि तो मेंटॉरांच्या पहिल्याच बैठकीत सांगा. 'आम्हीही असेच आलो, आम्हीही वर आलो, तुम्हीही याल' हे वाक्य चांगल्या मनाने बोललं जातं आणि समोरच्याला टोचतं. युद्धानंतरच्या दशकांत ज्यू कुटुंबं उत्तर मिनिआपोलिस सोडून सेंट लुईस पार्कला घरं घेऊ शकली. त्याच काळात याच शहरातल्या काळ्या कुटुंबांना ते शक्य नव्हतं. घरांच्या खरेदीखतांत 'काळ्यांना विकू नये' अशी कलमं असायची. काही खरेदीखतांत ज्यूंनाही मनाई होती. नवी कलमं घालायला राज्याने १९५३ मध्ये बंदी केली, तरी व्यवहार बदलायला फार वेळ लागला. सोमाली मुलगी मुलाखतीच्या खोलीत शिरते तेव्हा ती काळी, मुस्लिम, हिजाब घातलेली आणि निर्वासितांची मुलगी अशी एकदमच शिरते. म्हणून मेंटॉरांना मी सांगते, आजोबांची गोष्ट जरूर सांगा, पण दार कुणी आणि कसं उघडलं तेवढी सांगा. 'म्हणून तूही' हे शेपूट जोडू नका.

मुलांच्या घरच्यांचा संशय हा याहून नाजूक भाग. तो ज्यूंबद्दल असेल असं तुम्ही गृहीत धरलं असेल. माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा 'मेंटॉरशिप' या शब्दाबद्दलच असतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हिंसक अतिरेकाला आळा घालण्याच्या नावाखाली तीन शहरांत प्रायोगिक कार्यक्रम जाहीर केला. त्यात बॉस्टन आणि लॉस एंजेलिसबरोबर मिनिआपोलिस होतं आणि रोख सोमाली तरुणांवर होता. युवक कार्यक्रम, मार्गदर्शन, समुपदेशन या गोड शब्दांआडून आपल्या मुलांवर पाळत ठेवली जाते, असं अनेक कुटुंबांना वाटलं. २०१७ मध्ये का जूग या सोमाली युवा संस्थेने असं जवळपास पाच लाख डॉलरचं अनुदान नाकारलं. तेव्हा एखाद्या आईने तुम्हाला विचारलं, 'पैसे कोण देतंय? माझ्या मुलाची माहिती कुठे जाते?' तर दुखावू नका, तिने बरोबर तेच विचारलंय. एका कागदावर सरळ लिहून द्या: पैसे कुणाचे, कोणती माहिती ठेवतो, किती दिवसांनी पुसतो, कुणाला देत नाही. सोमाली आणि इंग्रजी, दोन्हीत. आणि तो कागद आधी एखाद्या सोमाली शिक्षिकेकडून किंवा नर्सकडून वाचून घ्या. घराघरांत विश्वास तिच्या शब्दावर बसतो, तुमच्या पत्रकावर बसत नाही.

जोड्या कशा लावायच्या? व्यवसायावरून. स्वभाव, आवडीनिवडी, 'दोघांनाही बास्केटबॉल आवडतं' हे सगळं दुय्यम. लेखापाल व्हायचं असलेल्या मुलाला लेखापालच द्या. निष्णात हृदयरोगतज्ज्ञ मिळाला म्हणून नर्सिंगच्या मुलीला तो देऊ नका. तिला पाच वर्षं पुढे असलेली नर्स आणि भरतीचा निर्णय घेणारी व्यवस्थापक जास्त उपयोगी.

एक भेट सांगते. तिच्यामुळे मी माझी कामाची पद्धत बदलली. मुलगा एकोणीस वर्षांचा, कम्युनिटी कॉलेजात हिशेबशास्त्र शिकणारा. मेंटॉर निवृत्त लेखापाल, सत्तरीचे. ग्रंथालयातली छोटी खोली, टेबलावर मुलाचा रेझ्युमे. अर्धं पान कोरं, 'अनुभव'पुढे एका किराणा दुकानातले चार महिने. म्हाताऱ्याने कागद बाजूला सरकवला आणि विचारलं, 'घरी काय करतोस?' मुलाला वाटलं वेळ घालवायला विचारतायत. हळूहळू कळलं ते असं: बिल्डिंगमधल्या सहा कुटुंबांचे सरकारी अर्ज तो भरतो. आईबरोबर दवाखान्यात दुभाष्या म्हणून जातो. आणि आईच्या अयुतोची वही पंधराव्या वर्षापासून तोच लिहितो. अयुतो म्हणजे आपली भिशी, हुबेहूब. वीस बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम देतात, दर महिन्याला एकीला सगळे पैसे मिळतात, नंबर ठरलेले असतात आणि अडल्यानडल्याला अदलाबदल होते. मेंटॉर म्हणाले, 'वही दाखव.' पुढच्या भेटीला मुलगा वही घेऊन आला. निळी, कोपरे दुमडलेली, सोमालीत नावं, रकाने पट्टीने आखलेले. कुणी उशिरा दिले तर तारीख लाल शाईत. म्हाताऱ्याने बोट फिरवत दोन वर्षांची बेरीज स्वतः केली. एकाही महिन्यात चूक नव्हती. मग त्यांनी रेझ्युमेवर आपल्या हाताने लिहिलं: 'वीस सभासदांच्या फिरत्या बचतगटाचा हिशेब, चार वर्षं.'

त्यावरून दोघांचं बोलणं व्याजाकडे गेलं. मुलाच्या घरी व्याज निषिद्ध, म्हणून शैक्षणिक कर्जाला वडील तयार नव्हते. मेंटॉर म्हणाले, आमच्या धर्मातही आपसांत व्याज घ्यायला बंदी आहे. तुम्ही रिबा म्हणता, आम्ही रिबित. ज्यू समाजात बिनव्याजी कर्ज देणारे निधी शंभर वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या आजोबांनी दुकान अशाच पैशावर उघडलं होतं. दोन धर्मांतलं हे साम्य मी एखाद्या सादरीकरणात दाखवलं असतं, तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. ते वहीतून आलं म्हणून राहिलं. शिष्यवृत्ती आणि अर्धवेळ नोकरी यांचा मेळ घालून कर्ज टाळायचा आराखडा त्या दोघांनी मिळून केला. तेव्हापासून मी प्रत्येक मेंटॉरला पहिल्या भेटीसाठी तोच एक प्रश्न देते: घरी काय करतेस? घरी काय करतोस?

एक प्रश्न मात्र मी हक्काने बंद केलाय: 'तुम्ही तिथून कसे आलात?' निर्वासित छावणीची गोष्ट ही मुलाच्या कुटुंबाची ठेव आहे, ओळखीची किंमत नाही. सांगायची असेल तेव्हा ती सांगतील. तसंच कुळ विचारायचं नाही, कधीच नाही.

नावांबद्दल थोडं. सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. आपण मधे वडिलांचं नाव लावतो म्हणून आपल्याला हे लगेच समजतं. 'मिस्टर अली' म्हणून हाक मारली तर ती मुलाच्या आजोबांना जाते, तेव्हा पहिल्या नावानेच हाक मारायला सांगा. नवराबायकोचं शेवटचं नाव वेगळं असतं. मोहम्मद आणि मोहमूद ही दोन वेगळी नावं आहेत. आणि खूप जणांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण छावणीत नोंद करताना खरी तारीख कुणाकडे लिहिलेली नव्हती. हे आधी सांगून ठेवलं नाही, तर एखादा मेंटॉर कौतुकाने विचारतो, 'अरे वा, नवीन वर्षाचा वाढदिवस!' आणि मूल गप्प होतं. कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पदवी, परवाना आणि अर्ज या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच असावं. नर्सिंगच्या एका मुलीची रुजू होण्याची तारीख एका जास्तीच्या अक्षरापायी पुढे गेली होती. पहिल्या महिन्यातच हे तपासा.

वेळापत्रक तुम्हाला वाटतं त्याहून सोपं आहे, फक्त शुक्रवार सोडून द्या. दुपारी एकच्या सुमारास जुम्मा, आणि सूर्यास्ताच्या आधी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. इथे डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो, म्हणजे मधे काही उरतच नाही. शनिवारी काटेकोरपणे शब्बाथ पाळणारे फोनही उचलत नाहीत. रविवार दुपार सगळ्यांना जमते. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्यूंचे मोठे सण एकापाठोपाठ एक येतात, आणि रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून वेळापत्रक दर वर्षी नव्याने करा, गेल्या वर्षीचं उचलू नका. खाण्याचं म्हणाल तर ज्यू लोकांत एक नियम नसतो. काही जण काहीही खातात, काही फक्त कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार केलेलं, शिक्क्याचं. सोमाली मुलं हलाल. शाकाहारी मागवलं की प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं, पण कोशर स्वयंपाकघरातून न आलेलं शाकाहारीही काहींना चालत नाही. अख्खी फळं, कोशर शिक्क्याची बंद पाकिटं आणि कागदी पेल्यात चहा, एवढं पुरे. सोमाली शाह वेलची-दालचिनी-लवंग घातलेला दुधाचा चहा असतो, आणि त्यांच्याकडे बजिये नावाची भजीही असतात; पहिल्या दिवशी तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. हस्तांदोलनाला कुणी हात पुढे केला नाही, तर तो अपमान नाही. काही मुस्लिम मुली आणि काही ऑर्थोडॉक्स ज्यू पुरुष परक्या स्त्रीपुरुषाचा हात धरत नाहीत. छातीवर हात ठेवून मान झुकवायची, बस.

पैशांचं मात्र हलकं घेऊ नका. बसचं भाडं द्या. बिनपगारी इंटर्नशिप सुचवू नका, कारण या मुलांच्या पगारावर घर चालतं आणि नैरोबी किंवा मोगादिशूतल्या आजीला दर महिन्याला पैसे जातात. भेट ऐनवेळी रद्द झाली, तर आधी 'कामाची पाळी बदलली का?' असं विचारा. मेंटॉर मंडळी ज्या जगात वाढली तिथे उशीर म्हणजे बेफिकिरी. इथे तो बहुतेक वेळा रात्रपाळी, धाकटी भावंडं किंवा आईची डॉक्टरांकडची वेळ असतो.

आता गाझा. मी तुम्हाला आडून आडून काही सांगणार नाही.

२०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली आणि शेकडो ओलीस नेली, तेव्हा आमचा गट दुसऱ्या महिन्यात होता. मग गाझावर हल्ले सुरू झाले आणि हजारो माणसं, हजारो लहान मुलं मेली. एका मेंटॉरची चुलत बहीण हल्ला झालेल्या भागाजवळ राहत होती. मुलांच्या मशिदींत मदत गोळा होत होती. मी त्या आठवड्यात एक चूक केली: सगळ्यांना मिळून एकच संयमी, गुळगुळीत ईमेल पाठवला. त्यात कुणाचंही दुःख नावानिशी नव्हतं, म्हणून तो दोन्हीकडे लागला. मेंटॉरांना वाटलं मी मारल्या गेलेल्यांना टाळलं, मुलांना वाटलं मी बॉम्बना टाळलं. दोघांचंही खरं होतं. त्यानंतर मी एकेकाला फोन केला आणि एवढंच विचारलं, 'पुढची भेट हवी आहे, की थांबायचंय?' दोन जोड्या थांबल्या. मी त्यांना जोडायचा प्रयत्न केला नाही.

थांबली नाही त्यातली एक जोडी अशी. मुलीला कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता, मेंटॉर वकील होत्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या भेटल्या. दोघींच्या सांगण्यावरून मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. वकीलबाई म्हणाल्या, 'मी दहा दिवस झोपलेले नाही. तुला काय वाटतं ते मला माहीत नाही आणि तू सांगायलाच हवं असं नाही.' मुलगी म्हणाली, 'मला जे वाटतं ते तुम्हाला आवडणार नाही.' थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वकीलबाईंनी पिशवीतून मुलीच्या निबंधाचा छापील मसुदा काढला. कडेला पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. 'तुझं मत तुझ्या शिफारसपत्राच्या आड येणार नाही. हा माझा शब्द. दुसरा परिच्छेद आधी घेऊया, तिथे तू घाई केलीस.' तासभर निबंधावर काम झालं. पत्र मुदतीच्या चार दिवस आधी गेलं. हिवाळ्यात कधीतरी त्या दोघी त्या विषयावर बोलल्या, मी तिथे नव्हते. एकमत झालं नाही, एवढं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं.

यावरून मी काही गोष्टी लेखी ठरवल्या. विषयाला बंदी नाही, पण तो कार्यक्रमाच्या यादीतही नाही. शिफारस, ओळख, इंटर्नशिप यांतलं काहीही मतांवर अवलंबून राहणार नाही, आणि यावर प्रत्येक मेंटॉरची सही घ्यायची. जो सही करायला कचरतो तो माणूस वाईट नसेल, पण या कामासाठी योग्य नाही. मुलांनाही दुसरी बाजू सांगायची: मेंटॉर म्हणजे इस्रायल सरकार नव्हे, आणि ज्यूंमध्ये त्या सरकारबद्दल आपसांत कडाक्याची भांडणं आहेत. कुणालाही आपल्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायला लावायचं नाही. एकमेकांच्या समाजमाध्यमांवर डोकवायचं नाही. लिंक्डइनवर जोडणी पुरे.

आणि छायाचित्रं नकोत. यावर मी फार आग्रही आहे. तुमच्या कंपनीला 'हिजाबातली मुलगी आणि किप्पा (ज्यू पुरुषांची छोटी टोपी) घातलेले गृहस्थ एका टेबलावर' असा फोटो वार्तापत्रासाठी नक्की हवा असेल. देऊ नका. त्या मुलीला तिच्या कॉलेजातले मित्र विचारतील, तू यांच्याबरोबर काय करतेस? मेंटॉरला त्याच्या सिनेगॉगमध्ये कुणी टोमणा मारेल. फोटो वर्षानुवर्षं शोधयंत्रात राहील आणि ती नोकरीला अर्ज करेल तेव्हा तिच्या नावाआधी तो दिसेल. कंपनीला आकडे द्या, किती मुलाखती, किती पगारी जागा. कुणाचा चेहरा देऊ नका.

सगळं इतकं अवघड असेल तर ज्यू मेंटॉरच का, असं तुमच्या मनात आलं असेल. मलाही हा प्रश्न विचारला गेलाय, दोन्ही बाजूंनी. माझं उत्तर असं, की निर्वासितांसाठी या देशात ज्या संस्थांनी काम उभं केलं त्यांत ज्यूंच्या संस्था जुन्या आहेत. हायस ही संस्था शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ज्यू स्थलांतरितांसाठी निघाली आणि आज जगभरच्या, बहुतेक ज्यू नसलेल्या, निर्वासितांना मदत करते. २०१८ च्या ऑक्टोबरात पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना मारणाऱ्याचा राग नेमका याच कामावर होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या शेजारच्या ब्लूमिंग्टनमध्ये मशिदीत बॉम्ब टाकला गेला. प्रार्थनेच्या जागेला पहारा लागतो म्हणजे काय, हे या दोन्ही घरांना माहीत आहे. ते बोलून दाखवायची गरज नसते. ते खोलीत असतंच.

तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्हाला जमेल का. मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ सिनेगॉग आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हणत, हे मी आजीकडून ऐकलंय. इथे आले तेव्हा मला वाटलं, ज्यूंशी आपलं जुनं नातं आहे, मला कळेल. नाही कळलं. सेंट लुईस पार्कमधले बहुतेक ज्यू पूर्व युरोपातून आलेल्यांचे वंशज आहेत, त्यांची भीती वेगळी, विनोद वेगळा, सभेत बोलायची पद्धत वेगळी. तसंच सोमाली घरांत हिंदी सिनेमे आवडीने पाहिले जातात, अमिताभ आणि शाहरुखवर गप्पा होतील, पण कुणी वडीलधारी तुम्हाला भारतातल्या मुसलमानांबद्दलही विचारतील. तेव्हा बचाव करायला जाऊ नका, ऐकून घ्या. तिऱ्हाईत असण्याचा फायदा असा, की कुणीही तुमच्याकडून आपल्या बाजूची अपेक्षा करत नाही. तो फायदा तुम्ही तिऱ्हाईत राहाल तोवरच टिकतो. एक सोमाली आणि एक ज्यू सहसमन्वयक मात्र पगार देऊन घ्या, निर्णयात बरोबरीने. एकटीने चालवू नका.

कालावधी तुमच्या हातात असेल तर नऊ महिन्यांहून कमी ठेवू नका. मधेच सोडून गेलेला मेंटॉर मुलाला काहीच नसण्यापेक्षा जास्त लागतो. पंधरा जोड्या खात्रीच्या नसतील, तर सहा करा.

या आठवड्यात एक काम करा. पंधरा मेंटॉरांची यादी घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे तीन ओळी रिकाम्या सोडा. एकेकाला फोन करून विचारा: येत्या सहा महिन्यांत, मूल तयार आहे असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही कोणत्या तीन माणसांना स्वतः फोन कराल? नावं सांगा. 'बघू, माझ्या बऱ्याच ओळखी आहेत' हे उत्तर लिहून घेऊ नका. नाव आणि कंपनी लिहा. काही जणांना विचार करायला दोन दिवस लागतील, द्या. काही जण पाच नावं सांगतील. ज्यांच्या ओळी रिकाम्या राहतील त्यांना रविवारच्या रेझ्युमे-तपासणीला आणि सराव-मुलाखतींना बोलवा, तिथेही हात लागतातच. त्यांना जोडी देऊ नका.